कंझऱ्यातील नाणेफेक : कोरडवाहू शेतकऱ्याची जोखीम मोजणारा प्रयोग

अकोला जिल्ह्यातील कंझरा आणि किनखेडा, सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि कळमण, तसेच तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील महबूबनगर जिल्ह्यातील औरेपल्ली आणि दोकूर या सहा गावांत १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अर्थशास्त्रातला एक नवा प्रयोग झाला. शेतकरी आणि शेतमजूर यांच्यापुढे काही पर्याय ठेवले गेले. त्यांतला एक निवडायचा, मग नाणे उडवायचे, आणि छापा-काट्याप्रमाणे जी रक्कम वाट्याला येईल ती रोख घरी न्यायची. प्रयोग रचणारे अर्थशास्त्रज्ञ होते हान्स बिन्सवँगर. प्रायोगिक अर्थशास्त्र त्या काळी मुख्यतः अमेरिकेतल्या विद्यापीठांतील विद्यार्थ्यांवर बेतलेले होते आणि वर्तनवादी अर्थशास्त्र हे नावही रुळायचे होते. अशा वेळी खऱ्या पैशांनिशी, खऱ्या शेतकऱ्यांमध्ये आणि एवढ्या मोठ्या रकमांचा प्रयोग होणे ही असाधारण गोष्ट होती. त्यातली चार गावे मराठी मुलखातली होती.

हा प्रयोग अचानक उगवला नाही. गावात जाऊन घराघराचा जमाखर्च मांडण्याची परंपरा महाराष्ट्रात त्याआधी अर्धशतक रुजलेली होती. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे ना. वि. कानिटकर यांच्यासह केलेला जातेगाव बुद्रुकचा अभ्यास १९२१ मध्ये आला. जमिनीचे तुकडे, कर्ज, मजुरी आणि वर्षाकाठी उरणारी शिल्लक यांचा हिशेब त्यात घराघराने मांडलेला होता. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ यांनी तिथे पाहणीला शिस्त लावली. अर्थशास्त्राने आधी मोजावे आणि मग बोलावे, ही सवय या मंडळींनी लावली. मात्र या साऱ्या पाहण्या शेतकऱ्याने काय केले ते नोंदवत होत्या. समोर दोन वाटा असताना त्याने एकच का धरली, हे त्या नोंदींतून उलगडणे कठीण होते.

अकोला जिल्हा ज्यात येतो त्या वऱ्हाडात हा प्रश्न नुसता पुस्तकी नव्हता. इथल्या शेतकऱ्याच्या जोखमीला पावसाइतकाच इतिहासही कारण आहे. अठराव्या शतकात या प्रदेशावर निजाम आणि नागपूरचे भोसले अशी दुहेरी सत्ता होती आणि रयतेला दोन्ही धन्यांची वसुली सोसावी लागे. डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाच्या वाट्याला आला. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव कडाडले, आणि १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. त्या काही वर्षांत वऱ्हाडची काळी जमीन लिव्हरपूलच्या भावाशी बांधली गेली. युद्ध संपताच भाव कोसळले, पण कापूस राहिला. १८९९-१९०० च्या दुष्काळात पाऊसही गेला. निसर्ग आणि बाजार हे दोन्ही बेभरवशाचे, आणि त्यांच्यामध्ये कर्जावर उभी असलेली शेती, ही कोरडवाहू वऱ्हाडाची रचना तेव्हापासूनची आहे.

१९७२ मध्ये हैदराबादजवळ पाटनचेरू येथे अर्धशुष्क प्रदेशांच्या शेतीसाठी इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आणि भुईमूग ही तिची मुख्य पिके. हरितक्रांतीने गव्हाचा आणि बागायती भाताचा कायापालट केला होता, पण कोरडवाहू शेतकरी नवे बियाणे आणि खत घ्यायला का कचरतो, याचे उत्तर शास्त्रज्ञांना हवे होते. त्यासाठी संस्थेच्या अर्थशास्त्र विभागाने १९७५ मध्ये ग्रामपातळीवरील अभ्यास सुरू केला. जेम्स रायन, नरपतसिंह जोधा आणि बिन्सवँगर हे त्याचे प्रमुख शिल्पकार. गावे विचारपूर्वक निवडलेली होती. महबूबनगरकडे तांबडी, उथळ जमीन. सोलापूरकडे खोल काळी जमीन, पण पाऊस लहरी. तिथे पावसाळ्यात रान मोकळे ठेवून जमिनीत मुरलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी काढायची रीत. अकोल्याकडे मध्यम काळी जमीन, तुलनेने भरवशाचा पाऊस, आणि कापूस, ज्वारी, तूर, मूग यांची मिश्र पेरणी.

प्रत्येक गावात चाळीस घरे घेतली. त्यांत दहा शेतमजुरांची, आणि लहान, मध्यम व मोठ्या शेतकऱ्यांची दहा-दहा. सहा गावांत मिळून २४०. अभ्यासाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या नोंदवह्यांत होते. गावातच राहणारा, त्या भागाची भाषा बोलणारा, खेड्यातच वाढलेला आणि शेतीशास्त्राचे शिक्षण घेतलेला अन्वेषक दर तीन-चार आठवड्यांनी प्रत्येक घरी जाई. कोणत्या तुकड्यात काय पेरले, किती मजूर लावले, कोणाकडून हातउसने घेतले, बैल कितीला विकला, ही सारी माहिती तो घेई. वर्षातून एकदा येऊन प्रश्नावली भरून नेणाऱ्याला लोक आठवेल ते आणि सोयीचे ते सांगतात. ज्याच्यासमोर पेरणी मोडली आणि दुबार पेरणी करावी लागली, त्याच्याशी मात्र वेगळे बोलतात. असा विश्वास जमलेला होता, म्हणूनच पुढचा प्रयोग शक्य झाला.

बिन्सवँगर मूळचे स्वित्झर्लंडचे, जन्म १९४३ चा. झुरिकला शेतीशास्त्र शिकून त्यांनी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना येथे अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती. शेती-तंत्रज्ञानाची दिशा जमीन आणि मजुरी यांच्या तुटवड्याप्रमाणे कशी ठरते, हा त्यांचा आधीचा विषय होता. भारतात आल्यावर त्यांच्यापुढे वेगळेच कोडे उभे राहिले. गरीब शेतकरी नवे तंत्र स्वीकारत नाही ते त्याला धोक्याची भीती वाटते म्हणून, असे विकासाच्या अर्थशास्त्रात सर्रास म्हटले जाई. त्या म्हणण्यामागे एक गृहीतकही होते : गरीब माणूस स्वभावतःच श्रीमंतापेक्षा अधिक भित्रा असतो. हे खरे की खोटे, ते कोणी नीट मोजले नव्हते.

प्रथम नेहमीचा मार्ग धरला, तो मुलाखतीचा. एखाद्या अनिश्चित उत्पन्नाच्या बदल्यात खात्रीची किती रक्कम पुरेशी वाटेल, असे काल्पनिक प्रश्न शेतकऱ्यांना विचारले. उत्तरे मिळाली, पण त्यांवर प्रश्न विचारणाऱ्याचीच छाप पडलेली आढळली. ज्या पद्धतीत अन्वेषक बदलला की शेतकऱ्याचा स्वभाव बदलतो, ती पद्धत शेतकऱ्याबद्दल फारसे सांगत नाही. बिन्सवँगर यांनी ही उणीव शोधनिबंधात उघडपणे नोंदवली. आजही देशभर होणाऱ्या अनेक पाहण्यांमध्ये असेच काल्पनिक प्रश्न विचारले जातात हे पाहता, त्या नोंदीचे मोल कमी झालेले नाही.

दुसरी पद्धत नाणेफेकीची. पन्नास रुपयांच्या खेळात पर्याय साधारण असे होते. पहिला पर्याय घेतला तर छापा पडो वा काटा, पन्नास रुपये नक्की. दुसऱ्यात एका बाजूला पंचेचाळीस, दुसऱ्या बाजूला पंच्याण्णव. त्यापुढच्यात चाळीस आणि एकशेवीस. नंतर तीस आणि दीडशे. मग दहा आणि एकशेनव्वद. अखेरचा पर्याय म्हणजे काहीच नाही किंवा एकदम दोनशे. सरासरी काढली तर पहिल्या पर्यायाची किंमत पन्नास रुपये, दुसऱ्याची सत्तर, मग ऐंशी, नव्वद आणि शंभर अशी ती चढत जाते. म्हणजे जो जास्त धोका पत्करेल त्याची सरासरी कमाई वाढते, पण नशीब फिरले तर हातात येणारी रक्कम घटते. शेवटच्या टप्प्यावर सरासरी वाढायचे थांबते आणि नुसता धोका वाढतो. याखेरीज दोन पर्याय मुद्दाम असे ठेवले होते की धोका वाढूनही सरासरी वाढू नये. निवड करणारा विचार करतो की नाही, हे त्यांवरून तपासता येई. कोणी कोणता पर्याय उचलला, यावरून त्याची जोखमीची तयारी आकड्यात मांडता आली. तराजूत वजने टाकावीत तशी एकेका पर्यायाची योजना होती.

हाच खेळ आधी पन्नास पैशांच्या पातळीवर, मग पाच रुपयांच्या आणि शेवटी पन्नास रुपयांच्या पातळीवर झाला. त्यापुढची पाचशे रुपयांची पातळी फक्त विचारण्यापुरती होती. हे खेळ एका बैठकीत उरकले नाहीत. ते काही आठवड्यांवर पसरवले आणि लोकांना मधे विचार करायला वेळ दिला. सुरुवातीच्या लहान रकमांमुळे पैसे खरोखर मिळतात अशी खात्री पटली. पन्नासच्या खेळातली सर्वांत मोठी रक्कम अकुशल मजुराच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त होती. एवढे पैसे डोळ्यांसमोर असताना माणूस गमतीखातर निवड करत नाही, आणि प्रयोगाची सारी ताकद याच गोष्टीत होती. श्रीमंत देशांतल्या प्रयोगशाळांना विद्यार्थ्यापुढे महिन्याच्या कमाईइतकी रक्कम ठेवणे परवडत नसे. कंझऱ्यात ते परवडले, त्याचे कारण तिथली मजुरीच अत्यंत कमी होती, हे कटू सत्यही इथे नोंदवले पाहिजे.

प्रयोगाला एक मर्यादा होती आणि ती जाणूनबुजून स्वीकारलेली होती. कोणालाही पदरचे पैसे गमवावे लागणार नव्हते. वाईटात वाईट म्हणजे काहीच मिळणार नव्हते. गरिबाच्या खिशातून पैसे काढून घेणारा खेळ नैतिकदृष्ट्या अशक्य होता. त्यामुळे प्रत्यक्ष तोट्याची भीती, जी शेतकऱ्याला सर्वांत जास्त छळते, ती या मोजमापाबाहेर राहिली.

१९८० मध्ये अमेरिकन कृषी अर्थशास्त्राच्या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नास पैशांच्या खेळात निवडी सर्व बाजूंना विखुरलेल्या होत्या; कोणी अतिसावध, तर कोणी बिनधास्त. रक्कम वाढत गेली तसे लोक मधल्या पर्यायांभोवती गोळा झाले. मोठ्या रकमेपुढे जवळजवळ सगळेच मध्यम प्रमाणात सावध निघाले. संपत्ती जास्त असलेले किंचित कमी सावध होते, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याइतका नव्हता. मोठा जमीनमालक आणि भूमिहीन मजूर एकाच नाण्यापुढे बसले तेव्हा साधारण सारखेच वागले. मुलाखतीतून काढलेले आकडे या वागणुकीशी अजिबात जुळले नाहीत.

यातून निघणारा अर्थ दूरगामी होता. मनाचा कल जर सर्वांचा सारखा असेल, तर मोठा शेतकरी खत घेतो आणि लहान घेत नाही, याचे कारण स्वभावात शोधून उपयोग नाही. ते कारण बाहेर आहे : कर्ज कोणाला मिळते, किती व्याजाने, आणि पीक गेले तर पुढच्या मृगापर्यंत घर कशावर चालते. बिन्सवँगर आणि डोनाल्ड सिलर्स यांनी १९८३ मध्ये फिलिपिन्समधील अशाच प्रयोगाचा आधार घेऊन हाच मुद्दा स्पष्टपणे मांडला. शेतकऱ्याच्या अडाणीपणावर आणि दैववादावर बोट ठेवणाऱ्या शहरी समजुतीला याहून चोख उत्तर सापडणे कठीण.

दुसरा अर्थ सिद्धान्ताच्या बाजूचा होता. प्रस्थापित सिद्धान्त असे मानतो की माणूस एखादी पैज तोलताना आपली सगळी मालमत्ता हिशेबात धरतो. १९८१ च्या निबंधात बिन्सवँगर यांनी दाखवले की गावकऱ्यांच्या निवडी या गृहीतकात बसत नाहीत. समोरचा लाभ ते स्वतंत्रपणे तोलत होते. त्यात शेत, बैल आणि घर मिळवून बेरीज करत नव्हते. डॅनिएल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये हेच वेगळ्या मार्गाने सांगितले होते : माणूस एकूण संपत्तीकडे पाहत नाही, बदलाकडे पाहतो. वर्तनवादी अर्थशास्त्राचा हा एक मूलाधार. त्या दोघांनी तो मुख्यतः काल्पनिक प्रश्नांवरून मांडला, तर वऱ्हाड-सोलापूरच्या शेतकऱ्यांनी तो रोख पैशांपुढे दाखवून दिला. पुढे मॅथ्यू रॅबिन यांनी २००० मध्ये गणिताने सिद्ध केले की लहान पैजेतली सावधगिरी एकूण संपत्तीच्या सिद्धान्ताने समजावता येत नाही. २००२ मध्ये कानमन यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा प्रायोगिक अर्थशास्त्राचे व्हर्नन स्मिथ त्यांचे सहमानकरी होते. त्याच वर्षी चार्ल्स होल्ट आणि सुसान लॉरी यांनी अमेरिकेत रक्कम कित्येक पटींनी वाढवून प्रयोग केला. खरे पैसे वाढले की सावधगिरी वाढते आणि काल्पनिक पैसे वाढवून तसे होत नाही, असे त्यांना आढळले. बिन्सवँगर यांच्या धर्तीचे, एका यादीतून एक नाणेफेक निवडण्याचे मोजमाप आज अनेक देशांत वापरले जाते. कॅथरीन एकेल आणि फिलिप ग्रॉसमन यांच्या सोप्या आवृत्तीमुळे त्याचा प्रसार आणखी वाढला.

गावांतील नोंदवह्या मात्र चालूच होत्या. औरेपल्ली, शिरापूर आणि कंझरा येथे सलग दहा वर्षे, १९८५ पर्यंत, माहिती गोळा झाली. ती जगभरच्या संशोधकांना खुली केल्यामुळे या तीन गावांची नावे अर्थशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकांत पोचली. रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये दाखवले की एखाद्या घराचे उत्पन्न एका वर्षी कोसळले तरी त्याचा खाण्यापिण्याचा खर्च तेवढा कोसळत नाही. तो गावाच्या सरासरीबरोबर हलतो. उसनवारी, भाऊबंदांची मदत आणि सावकारी मिळून गाव एकमेकांना काही अंशी सावरते. भूमिहीनांना मात्र हा आधार कमी मिळतो. मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ मध्ये लेकींच्या लग्नांकडे पाहिले. उत्पन्न जितके अस्थिर, तितकी सोयरीक दूरच्या गावी होण्याकडे कल. सासर आणि माहेर एकाच ढगाखाली नसले की एकीकडे दुष्काळ पडला तरी दुसरीकडून मदत येऊ शकते. शेतकऱ्याने हे सूत्र कधी मांडले नसेल, पण सोयरिकीच्या बैठकीत त्याचा विचार होत होता. रोझेनझ्वाइग यांनी केनेथ वॉल्पिन यांच्याबरोबर बैलांच्या खरेदी-विक्रीचाही अभ्यास केला. वाईट वर्षात बैल विकून घर चालवायचे आणि पुढच्या पेरणीला बैलाविना राहायचे, हे दुष्टचक्र त्यात आकड्यांनी उभे केले आहे.

या साऱ्यात सर्वांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष बिन्सवँगर आणि रोझेनझ्वाइग यांच्या १९९३ च्या निबंधात आहे. पाऊस जितका बेभरवशाचा, तितका गरीब शेतकरी कमी फायद्याच्या पण सुरक्षित मालमत्तेकडे वळतो. श्रीमंत वळत नाही. हवामानाची अनिश्चितता ठरावीक प्रमाणात कमी झाली, तर सर्वांत गरीब चतुर्थांशातील शेतकऱ्यांचा नफा ३५ टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, असा त्यांचा अंदाज होता. १९८० च्या प्रयोगाशी हे जोडून पाहिले की चित्र पुरे होते. दोघांचा स्वभाव सारखा, पण सावधगिरीची किंमत एकटा गरीब मोजतो.

ही किंमत कमी करण्याचे तीन मोठे सरकारी उपाय महाराष्ट्रात ग्रामअभ्यासाच्या काळातच चालू होते. १९७२ पासूनच्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेने भावाची जोखीम सरकारकडे घेतली. १९७२ च्या दुष्काळातून वाढलेल्या रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. ग्रामअभ्यासाच्या नोंदींमुळे तिचा परिणाम तपासता आला : महाराष्ट्रातील गावांत मजूर कुटुंबांचे उत्पन्न हमी नसलेल्या औरेपल्लीपेक्षा कमी हेलकावे खात होते. तिसरा उपाय पीक विम्याचा आणि त्यामागे गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर. १९७२-७३ मध्ये गुजरातेत एच-४ या संकरित कापसासाठी सुरू झालेला विमा प्रत्येक शेताचे नुकसान वेगळे मोजत असे आणि तो चालेना. दांडेकरांनी १९७६ मध्ये सुचवले की एका सारख्या हवामानाच्या क्षेत्राचे सरासरी उत्पादन घटले की तिथल्या सर्व विमाधारकांना भरपाई द्यावी. त्यामुळे कोणी मुद्दाम शेताकडे दुर्लक्ष करून भरपाई मिळवू शकत नाही. १९७९ ची प्रायोगिक योजना आणि १९८५ ची व्यापक पीक विमा योजना या तत्त्वावर उभ्या राहिल्या, आणि पुढच्या योजनांनीही ते तत्त्व पुष्कळ अंशी राखले. टाउनसेंड यांच्या निष्कर्षाशी दांडेकरांचा आराखडा नेमका जुळतो. एका घरावरचे संकट गाव झेलू शकते. साऱ्या गावावर एकदम आलेले संकट गावाबाहेरूनच झेलावे लागते. असे असले तरी टॉमस वॉकर आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये याच गावांच्या आकड्यांवरून शंका घेतली की एखाद-दुसऱ्या पिकाचा विमा कुटुंबाच्या एकूण उत्पन्नाला फारशी स्थिरता देणार नाही. वऱ्हाडातील पुढच्या दशकांचा अनुभव पाहता ही शंका फेटाळता येत नाही. वॉकर आणि रायन यांनी दहा वर्षांच्या नोंदींचे सार १९९० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

बिन्सवँगर १९८०च्या सुमारास जागतिक बँकेत गेले आणि पंचवीस वर्षे तिथे शेती व ग्रामविकासाचे काम करून निवृत्त झाले. नंतरची वर्षे त्यांनी आफ्रिकेत काढली. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. सहा गावांत इक्रिसॅटने २००१ पासून पुन्हा नोंदी सुरू केल्या. तोपर्यंत पहिल्या पिढीतील अनेक घरे विभागली गेली होती, म्हणून वेगळी झालेली कुटुंबेही अभ्यासात घेतली गेली. २००९ मध्ये गेट्स प्रतिष्ठानच्या अर्थसाहाय्याने हा अभ्यास पूर्व भारतासह इतर राज्यांतील गावांपर्यंत वाढवण्यात आला, आणि कंझरा, किनखेडा, शिरापूर व कळमण या चारही गावांचा त्यात समावेश राहिला.